पुण्यात एसटीपी वाढले, तर थेऊरच्या खालची नदी सुधारेल का?

प्रश्न असा आहे: "आमचं गाव मुळा-मुठेच्या काठी, थेऊरच्या खाली. पुण्यात जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून अकरा नवे सांडपाणी प्रकल्प होताहेत, म्हणजे आता सगळं पाणी शुद्ध होऊन येणार असं सांगतात. खरंच नदी सुधारेल का? प्रकल्पाचे रिपोर्ट चांगले येतात तरी उन्हाळ्यात मासे का मरतात? आणि हे पाणी शेताला, विहिरीला चालेल का?"

मी बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, उभे करणं आणि चालवणं, याच कामात आहे. थोडक्यात उत्तर द्यायचं तर नदी सुधारेल, पण किती सुधारेल हे नवीन प्रकल्पाच्या क्षमतेवरून कळत नाही. शहरातून रोज किती किलो घाण नदीत उतरते हे मोजलं तरच ते कळतं. सगळी चर्चा एमएलडीत, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरमध्ये होते. नदीला मात्र लिटरशी देणंघेणं नाही, तिला किलोशी आहे.

एक लाख वस्तीचं गाव घेऊ. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशोब. म्हणजे रोज १०.८ एमएलडी सांडपाणी. माणशी रोज साधारण २७ ग्रॅम बीओडी धरतात. बीओडी म्हणजे पाण्यातली सडणारी घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. एक लाख लोकांची ती झाली २,७०० किलो. आता समजा प्रकल्प उत्तम चालतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी लिटरला १० मिलिग्रॅम आहे. सगळं सांडपाणी प्रकल्पात पोचलं, तर नदीत जाते १०८ किलो. पण वीस टक्के सांडपाणी प्रकल्पात पोचतच नसेल, नाल्यातून परस्पर नदीत जात असेल, तर तेवढ्या भागाचेच ५४० किलो होतात. प्रकल्पातून आलेले ८६ किलो मिळवले की एकूण ६२६.

आता लाखो रुपये खर्चून प्रकल्प आणखी सुधारला आणि दहाची बीओडी पाचवर आणली, तर वाचतात ४३ किलो. तेच पैसे नाला अडवून ते वीस टक्के पाणी प्रकल्पापर्यंत आणण्यात घातले, तर पाचशेच्या वर किलो वाचतात. बैठकीत मी हा हिशोब फळ्यावर मांडतो तेव्हा नगरसेवकांनाही तो लगेच पटतो. अडचण पुढे येते, कारण प्रकल्पाचं उद्घाटन करता येतं, गल्लीबोळातून ड्रेनेज लाइन टाकण्याचं करता येत नाही. त्यात रस्ते खोदावे लागतात आणि लोकांच्या शिव्या खाव्या लागतात.

पुण्याचं बघा. भैरोबा नाला १३०, नायडू ११५, एरंडवणे ५०, मुंढवा ४५, खराडी ४०, विठ्ठलवाडी ३२, बाणेर ३०, बोपोडी १८, तानाजीवाडी १७. अशी आधीच्या प्रकल्पांची कागदावरची क्षमता ४७७ एमएलडी. जायकाशी कर्जाचा करार झाला जानेवारी २०१६ मध्ये, अकरा प्रकल्प आणि ३९६ एमएलडीचा. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा गावं आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेत आली. म्हणजे आराखडा आधीच्या हद्दीचा आणि शहर नंतरचं. या नव्या भागांत मोठमोठे गृहप्रकल्प आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजचं जाळंच नाही. सेप्टिक टँकचं पाणी गटारात, गटार ओढ्यात आणि ओढा नदीत. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. ज्या भागात मैलापाण्याची धड सोय नाही तिथे पिण्याचं पाणी किती दिवस सुरक्षित राहणार, हा प्रश्न त्याच वेळी ड्रेनेजबद्दलही विचारायला हवा होता.

सेप्टिक टँक उपसणारे टँकर हा त्यातलाच वेगळा विषय. टँकमधला साचलेला मैला साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतो. लिटरला पाच हजार मिलिग्रॅम बीओडी धरली, तर पाच हजार लिटरच्या एका टँकरमध्ये २५ किलो येते. नऊशे माणसांची दिवसभराची घाण एका टँकरमधून रात्री ओढ्यात मोकळी होते. हा मैला थोडाथोडा करून एसटीपीत सोडता येतो, त्यासाठी वेगळं काही बांधावं लागत नाही. फक्त टँकरवाल्याला प्रकल्पाचं गेट उघडं मिळायला हवं, आणि तिथे पैसे मागून त्याला परत पाठवता कामा नये.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रिपोर्ट चांगले असूनही मासे का मरतात?

पहिलं कारण नमुना कधी घेतला यात आहे. शहराचं सांडपाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सात ते दहा या वेळात सरासरीच्या दुपटीहून जास्त येतं. नमुना घेणारा माणूस बहुतेक वेळा अकरा-साडेअकराला पोचतो. एका प्रकल्पावर मी सकाळी सव्वासातला पोचलो होतो. इनलेट चेंबरमध्ये पाणी गेटच्या वरपर्यंत चढलेलं, बायपासच्या फळ्या दोन इंच उचललेल्या, आणि काळं पाणी प्रकल्पाच्या भिंतीबाहेरून सरळ नाल्यात चाललेलं. ऑपरेटर लपवत नव्हता. एक पंप दुरुस्तीला गेलेला, दुसऱ्यावर इतका भार झेपत नाही, वेट वेल (सांडपाणी गोळा होणारी पंपाची विहीर) भरून मोटार बुडायला नको म्हणून फळ्या उचलतो, असं त्याने सरळ सांगितलं. आत टेबलावरच्या रजिस्टरात महिनाभर बीओडी ८, ८, ९, ८ अशी लिहिलेली होती. आणि आकडे खरे होते! जेवढं पाणी प्रकल्पातून जात होतं तेवढं खरोखरच स्वच्छ होऊन जात होतं. बाकीचं मोजलंच जात नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असतं की चोवीस तासांत दर तासाला थोडं थोडं घेऊन एकत्र केलेला नमुना हवा, आणि बायपासवर स्वतंत्र मीटर हवा.

दुसरं कारण अमोनिया. हे थोडं तपशिलात सांगतो, कारण याच्याविषयी फार कमी बोललं जातं.

आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची असते. त्यात कार्बनयुक्त घाणीचा हिशोब बऱ्यापैकी येतो, अमोनियाचा मात्र जेमतेम येतो. शहरी सांडपाण्यात अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन लिटरला साधारण २५ ते ४० मिलिग्रॅम असतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे रिपोर्टवर बीओडी १० आलेल्या पाण्यात २५ मिलिग्रॅम अमोनिया तसाच शिल्लक असेल, तर ते पाणी पुढे नदीतून ११० मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन ओढून घेतं. तीस अंश तापमानाला पाण्यात विरघळून राहू शकतो तो ऑक्सिजन जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. आता मासा श्वास कशावर घेणार?

शिवाय अमोनिया स्वतः माशाला विषारी आहे आणि त्याचं विषारीपण पाण्याच्या सामूवर (पीएचवर) अवलंबून असतं. पाणी २५ अंशांचं आणि सामू साडेसात असताना एकूण अमोनियातला दोन टक्क्यांहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू साडेआठ झाला की तोच पंधरा टक्के होतो. उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दुपारी सामू सहज तिथे जातो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे ऑक्सिजन तळाला असतो. म्हणून मेलेले मासे तुम्हाला सकाळी दिसतात.

केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २०, इतरत्र ३०, तरंगते घन पदार्थ, सामू आणि मैल्यातले जिवाणू शंभर मिलिलिटरला हजारापेक्षा कमी, एवढ्याच अटी आहेत. अमोनिया, नायट्रोजन, फॉस्फरस यांचा त्यात उल्लेख नाही. २०१५ च्या मसुद्यात बीओडी १० आणि अमोनिया-नायट्रोजन ५ होता, अंतिम अधिसूचनेत तो गळला. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ असे कडक आकडे घातले. माझ्या मते तोच आदेश योग्य आहे. फॉस्फरस आणि नायट्रोजन हे जलपर्णीचं खत, ते काढल्याशिवाय ती हटणार नाही. दरवर्षी जेसीबी लावून जलपर्णी काठावर काढून ठेवायची, ती तिथेच कुजते आणि पावसात परत नदीत जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

आता नवे प्रकल्प बहुतेक एसबीआर पद्धतीचे असतात. एकाच टाकीत पाणी भरत हवा देणं, मग निवळू देणं, मग वरचं नितळ पाणी काढून घेणं, असं साधारण तीन तासांचं चक्र. ही पद्धत अमोनिया उत्तम काढते, पण पुरेशी हवा दिली तरच. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि ऑक्सिजन कमी झाला की पहिले तेच थांबतात. वीजबिल वाचवायला हवा देणारा ब्लोअर अर्धा तास बंद ठेवला, तरी बीओडी पंधरा-वीसच्या आत राहते आणि अमोनिया दुप्पट होऊन बाहेर जातो. म्हणूनच प्रकल्प मनापासून चालवला जातो की नाही हे बीओडीपेक्षा अमोनियावरून लवकर कळतं. तुमच्या ग्रामपंचायतीला एकच चाचणी करून घेता येणार असेल, तर अमोनियाची करा.

माशांच्या बाबतीत तिसरं कारण बंधाऱ्यांचं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात उन्हाळाभर पाणी अडलेलं असतं, तळाला काळा गाळ बसतो आणि त्याच्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो. पहिल्या पावसात किंवा आवर्तनाआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तो गाळ उसळून एकदम खाली येतो. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्यात हाही एक भाग असतो. बरगे एकदम न काढता वरचे आधी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने काढले, तर नुकसान बरंच कमी होतं. हे पाटबंधारे खात्याशी बोलून गावपातळीवर जमवता येतं आणि त्याला खर्च काहीच नाही.

नदीवरच्या फेसाचं म्हणाल तर तो मुख्यतः डिटर्जंटचा. पाणी उंचावरून पडतं तिथे तो दिसतो, म्हणून बंधाऱ्याखाली जास्त. फेस दिसला म्हणजे सांडपाणी नीट शुद्ध न होता येतंय एवढं बहुतेक वेळा म्हणता येतं. फेस नाही म्हणून पाणी चांगलं, असं मात्र म्हणता येत नाही.

मग समजा सगळं जमलं. प्रत्येक थेंब प्रकल्पात गेला आणि बीओडी १० वर आली. तरी तुमच्याकडची नदी अंघोळीच्या पाण्याइतकी स्वच्छ होईल का? अंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत हवी. १० चं पाणी ३ वर आणायचं तर त्यात बीओडी १ असलेलं साडेतीन पट चांगलं पाणी मिसळायला लागतं. जुने ४७७ आणि नवे ३९६ मिळून ८७३ एमएलडी धरलं, तर रोज तीन हजार एमएलडीहून जास्त स्वच्छ पाणी नदीत सोडावं लागेल. पावसाळा सोडून आठ महिन्यांचा हिशोब केला तर साधारण २६ टीएमसी. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या आसपास आहे! तेवढं पाणी कुणीच सोडू शकत नाही. पावसाळा संपला की खडकवासल्याच्या खाली मुठेत धरणाचं पाणी जवळजवळ नसतंच. जे वाहतं ते शहराचंच पाणी.

यातून निराश व्हायचं कारण नाही, कारण वाहत्या पाण्यात नदी स्वतःही घाण पचवते. खडकांवरून, उथळ पात्रातून पाणी खळाळत गेलं की हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि दहाची बीओडी काही किलोमीटरांत खाली येते. पण हे दहाच्या पाण्याचं होतं, साठच्या पाण्याचं नाही. वरच्या लाखाच्या गावाचं उदाहरण परत घ्या: वीस टक्के बायपास असलेल्या गावाची नदीत जाणारी सरासरी बीओडी ५८ येते. त्या पाण्यात ऑक्सिजन पार संपतो, मग नदीला काही पचवता येत नाही, ती नुसती वाहून नेते. ते सगळं भीमेत, दौंडवरून उजनीत. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. तिथे पाणी महिनोन्‌महिने थांबतं, त्यामुळे आलेला फॉस्फरस तिथेच मुरतो आणि उन्हाळ्यात जलाशय हिरवा होतो. सोलापूरला तेच पाणी प्यायचं असतं. पंढरपूरला तेच चंद्रभागेत येतं. म्हणून तुमचा प्रश्न हा एका गावाचा प्रश्न नाही.

तुम्ही काय मागावं? माहितीच्या अधिकारात नुसते रिपोर्ट मागू नका. इनलेट आणि आउटलेटच्या मीटरचे रोजचे आकडे मागा, प्रकल्पाचं मासिक वीजबिल मागा आणि गाळ बाहेर नेल्याची नोंद मागा. गाळाची नोंद सगळ्यात बोलकी. दहा एमएलडी सांडपाणी खरंच शुद्ध होत असेल, तर रोज साधारण दीड-दोन टन कोरडा गाळ तयार झालाच पाहिजे. तो प्रेसमधून काढला की ओला असताना आठ-दहा टन भरतो. म्हणजे दिवसाला दोन-तीन ट्रॉल्या. महिनाभरात चारच ट्रॉल्या गेल्याची नोंद असेल, तर एक तर सांडपाणी आत येत नाही किंवा गाळ पाण्याबरोबर नदीत जातोय. तिसरी शक्यता मी कामात कधी पाहिली नाही.

शेतीचं. पुण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने शेतीला द्यायची योजना तुम्हाला माहीतच आहे. या पाण्यात नत्र असतं, ऊस आणि चारा पिकं त्यावर जोमाने येतात. पण मेथी, कोथिंबीर, पालक, कांद्याची पात, म्हणजे जे कच्चं किंवा नुसतं धुऊन खाल्लं जातं, त्याला हे पाणी वरून देऊ नका. मैल्यातले जिवाणू हजाराच्या आत आल्याचा रिपोर्ट नसेल तर अजिबातच नाही. साध्या प्रक्रियेने लाखो-कोटींतले जिवाणू काही हजारांवर किंवा लाखावर येतात, त्यापुढे क्लोरीन किंवा यूव्ही लागतं आणि खर्च वाचवायचा म्हटला की आधी तेच बंद होतं. काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं हेच पाणी दिलं तर क्षार आणि सोडियम साचून जमीन चोपण होते. दोन वर्षांतून एकदा माती तपासा, निचऱ्याचे चर मोकळे ठेवा, आणि शक्य असेल तेव्हा एखादं पाणी विहिरीचं किंवा पावसाळ्यातल्या नदीचं द्या.

विहिरीबद्दल मी जास्त काळजी करतो. नदीकाठच्या विहिरीत नदीचंच पाणी झिरपतं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं.

आणि एक गोष्ट तुमच्या जलसुरक्षकाला नक्की सांगा. विहिरीत अमोनिया आला असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही मोकळा क्लोरीन शिल्लक राहत नाही, अमोनिया तो आधी पकडून घेतो. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायची ऑर्थोटोलिडीन चाचणी, करताना थेंब टाकल्यावर पिवळा रंग काही सेकंदांतच आला तर तो मोकळ्या क्लोरीनचा. पाच-दहा मिनिटांनी सावकाश चढलेला रंग अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनचा असतो, आणि तो जंतू मारायला फार कमजोर. रंग आला म्हणून रजिस्टरात "ओटी पॉझिटिव्ह" लिहून मोकळं होऊ नये. अशा विहिरीचा नमुना मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, जिल्हा प्रयोगशाळेत अमोनिया, नायट्रेट आणि जिवाणू या तिन्हींसाठी पाठवा. त्यात अमोनिया आढळला, तर पिण्यासाठी नदीपासून लांबची दुसरी विहीर किंवा बोअर शोधायला लागा. नदी सुधारेपर्यंत त्या विहिरीवर पिण्यासाठी अवलंबून राहू नका.